एकविसावी जागा

शुक्रवार, १९ जुलै २०२४. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले. सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. मुंबईच्या उपनगरांत ही ऑफिस भरायची वेळ. मरोळच्या एमआयडीसीत, सीप्झमध्ये, पवईत, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये लॅपटॉपची झाकणं उघडत असतात आणि बोरिवली-मुलुंडला घरून काम करणारे चहा घेता घेता लॉगिन करत असतात. नेमक्या त्या मिनिटाला क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने जगभरातल्या ग्राहकांच्या संगणकांना एक अपडेट सोडलं. १० वाजून ५७ मिनिटांनी ते मागे घेतलं. मधल्या ७८ मिनिटांत जे विंडोज संगणक चालू होते, इंटरनेटला जोडलेले होते आणि ज्यांच्यावर या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, त्यांच्यापैकी लाखो कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने असे संगणक ८५ लाख भरले. जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. तरीही आजवरचा सगळ्यात मोठा संगणकीय बिघाड म्हणून त्याची नोंद केली जाते, कारण नेमके हेच संगणक विमानतळांवर, बँकांत, रुग्णालयांत आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंत बसलेले होते.

अंधेरीच्या विमानतळावर, टर्मिनल १ ला आणि सहारच्या टर्मिनल २ ला, चेक-इनच्या रांगा वाढत गेल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांची ऑनलाइन यंत्रणा बसली आणि कर्मचाऱ्यांनी कागद-पेन हातात घेतलं. देशातल्या कित्येक विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या अशा पासचा फोटो तर देशभर फिरला. इंडिगोची जवळपास दोनशे उड्डाणं रद्द झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतर विमानतळांवरचं काम पूर्वपदावर आल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेने कळवलं की देशातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार मात्र नेहमीसारखे चालले.

हा सायबर हल्ला नव्हता. कुणी व्हायरस सोडला नव्हता. संगणकाचं रक्षण करण्यासाठीच पाठवलेल्या एका छोट्याशा फाइलने हे घडवलं होतं. या बिघाडाच्या आत जसजसं शिरावं तसतसं थक्क व्हायला होतं, कारण अगदी तळाशी सापडतं ते एवढंच: यादीत २१ जागा होत्या आणि भरलेल्या होत्या २०.

गाभ्यात बसलेलं सॉफ्टवेअर

आपण एक्सेल उघडतो, ब्राउझर उघडतो, तेव्हा विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृतीचा स्वतंत्र वाटा देतं. आपला वाटा ओलांडून दुसरीकडे हात घालायला गेलेल्या प्रोग्रॅमला खुद्द प्रोसेसर अडवतो. मग तो प्रोग्रॅम तेवढा बंद पडतो आणि बाकीचा संगणक चालू राहतो. ही शिस्त यंत्राच्या सिलिकॉनमध्येच कोरलेली आहे. साधे प्रोग्रॅम कमी अधिकाराच्या पातळीवर चालतात आणि कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर. स्मृती, डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड या सगळ्यांवर शेवटचा शब्द कर्नेलचा.

त्या गाभ्यातच चूक झाली तर? वर दाद मागायला कुणी उरत नाही. अशा वेळी विंडोज मुद्दाम, ठरवून थांबतं. निळा पडदा म्हणतात तो हाच. लोक त्याला संगणकाचा मृत्यू समजतात, पण त्यामागचा विचार फार प्रामाणिक आहे. गाभ्यातली स्मृती संशयास्पद झाली असताना काम पुढे रेटलं तर तीच गडबड डिस्कवर लिहिली जाईल आणि वर्षानुवर्षांची माहिती नासेल. त्यापेक्षा सगळं जागच्या जागी थांबवायचं आणि कोणत्या घटकापाशी चुकलं ते पडद्यावर लिहून ठेवायचं. त्या शुक्रवारी कित्येक पडद्यांवर तळाशी एकच नाव होतं: सीएसएजंट डॉट सिस. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या सॉफ्टवेअरचा हा ड्रायव्हर.

सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्यात बसवायला सबळ कारण आहे. संगणकावर कुठला प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने कुठली फाइल उघडली, कुणाशी संपर्क साधला हे सगळं बघायचं तर सगळं दिसेल अशाच जागी बसावं लागतं. शिवाय घातक प्रोग्रॅमने आधी घुसून आपल्यालाच बंद पाडू नये, म्हणून फाल्कनचा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच, अगदी पहिल्या टप्प्यांत जागा होतो. हीच खबरदारी त्या दिवशी अंगाशी आली. संगणक सुरू व्हायचा, ड्रायव्हर जागा व्हायचा, सदोष फाइल वाचायचा, निळा पडदा यायचा, संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा तेच. बिघाड बाहेर काढायला आत जावं, तर आत जाण्याआधीच बिघाड जागा होत होता.

दोन वाटांनी येणारी अपडेट

या कंपनीची अपडेट दोन वाटांनी येत. पहिली संथ वाट प्रत्यक्ष प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीची. ती आवृत्ती बराच काळ तपासली जाई, टप्प्याटप्प्याने पाठवली जाई आणि ती घ्यायची कधी हे ग्राहकच ठरवी. सावध कंपन्या नेहमी एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहत. दुसरी वाट जलद. तिच्यावरून प्रोग्रॅम येत नसे, माहिती येत असे: आज जगात कुठे काय नवं घडलंय आणि कशावर नजर ठेवायची याची. या माहितीच्या फाइलींना चॅनेल फाइल म्हणतात. त्या दिवसातून अनेकदाही बदलू शकत.

हा वेग चैनीसाठी नाही. नव्वदच्या दशकात व्हायरस फ्लॉपीतून फिरत आणि त्यांच्यावरचा उतारासुद्धा फ्लॉपीतूनच येई. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर यांनी धाकटे बंधू संजय यांच्यासोबत क्विक हील हे अँटिव्हायरस उभं केलं ते त्याच काळात. आता हल्ला काही तासांत जग पालथं घालतो. बचाव करणाऱ्याला महिनाभर वाट बघून चालत नाही.

१९ जुलैच्या फाइलचा क्रमांक होता २९१ आणि तिचा विषय होता नेम्ड पाइप. विंडोजमध्ये दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं असलं की ते एक वाहिनी उघडतात आणि तिला नाव देतात. प्रिंटरपासून डेटाबेसपर्यंत हजारो सरळमार्गी प्रोग्रॅम असंच बोलतात. पण संगणकात शिरलेले हल्लेखोरही आपल्या साथीदार प्रोग्रॅमना हुकूम द्यायला याच वाहिन्या वापरतात. त्यांनी वापरलेल्या काही नव्या वाहिन्या नजरेस आल्या होत्या आणि त्या ओळखण्यासाठीचे दोन नवे नियम या फाइलमध्ये घातले होते. हेतू चोख होता.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ग्राहकाने निवडलेली सावधगिरी फक्त पहिल्या वाटेला लागू होती. ज्या कंपन्यांनी ‘आम्ही दोन आवृत्त्या मागेच राहू’ असं ठरवलं होतं, त्यांच्या संगणकांवरही ही फाइल इतरांबरोबरच पोचली. फाइल म्हणजे नुसती माहिती, प्रोग्रॅम नव्हे, असं धरून चाललेलं होतं. पण प्रोग्रॅम माहिती वाचूनच वागतो. गाभ्यात बसलेला प्रोग्रॅम जी माहिती वाचतो, तिची ताकद प्रोग्रॅमइतकीच असते.

वीस पेट्या, एकवीस नोंदी

आता तळाशी जाऊ. नेम्ड पाइपवर नजर ठेवण्याची सोय फाल्कनच्या ७.११ या आवृत्तीत आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिच्या आराखड्यात नियम जुळवून बघण्यासाठी २१ रकाने ठरवले होते. प्रत्यक्षात ड्रायव्हरमधला कोड नियम तपासणाऱ्या भागाच्या हाती २०च किमती देत होता. एकाची तफावत. चार महिने ती कुणाला दिसली नाही.

का दिसली नाही, हे समजायला बोरिवलीतली एखादी जुनी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. जिन्याखाली टपालपेट्यांची रांग आहे. सेक्रेटरींच्या वहीत २१ पेट्यांची नोंद आहे, भिंतीवर मात्र २०च ठोकलेल्या. वॉचमनकाकांच्या हाती रोज एक यादी पडते: पहिल्या पेटीत अमुक पत्र आहे का बघा, दुसऱ्या पेटीत तमुक आहे का बघा. एकविसाव्या पेटीसमोर नेहमी लिहिलेलं असतं, ‘काहीही असलं तरी चालेल.’ काहीही चालणार असेल तर बघायला कोण जातं? काका विसाव्या पेटीशी थांबतात, यादीवर बरोबरची खूण करतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. महिने जातात. मग एक दिवस यादीत येतं, ‘एकविसाव्या पेटीत या नावाचं पत्र आहे का बघा.’ काका आज्ञाधारकपणे हात पुढे करतात. तिथे पेटीच नाही, मीटरच्या उघड्या तारा आहेत.

संगणकाच्या भाषेत त्या ‘काहीही चालेल’ला वाइल्डकार्ड म्हणतात. मार्च २०२४ मध्ये या सोयीची कसून चाचणी झाली, ५ मार्चला पहिला नियम पाठवला गेला, ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेले. प्रत्येकात एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होतं. सगळं सुरळीत चाललं आणि प्रत्येक यशाने विश्वास वाढत गेला. १९ जुलैच्या दोन नियमांपैकी एकात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यासाठी खरीखुरी अट होती. ड्रायव्हरने विसाव्या किमतीच्या पुढे पाऊल टाकलं, तिथे स्मृतीत जे काही पडलं होतं तेच एकविसावी किंमत समजून उचललं आणि त्या निरर्थक आकड्याचा पत्ता म्हणून वापर केला. तो पत्ता कुठेच जात नव्हता. प्रोसेसरने हाक दिली, कर्नेलने यंत्र थांबवलं.

मधले सगळे पहारेही एकाच समजुतीवर उभे होते. पाठवण्याआधी फाइल तपासणारं एक साधन होतं, पण तेसुद्धा २१ किमती मिळणार आहेत असंच धरून चाललं आणि त्याने फाइल पास केली. किमती किती आल्या आणि मागितल्या किती, हे मोजून बघणारी ओळ ड्रायव्हरमध्ये नव्हती. फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून तासभर वाट बघायची पद्धत या जलद वाटेवर नव्हती. यांपैकी एक जरी कडी पक्की असती, तरी अंधेरीच्या रांगा लागल्या नसत्या. सगळ्या कड्या एका अनुत्तरित प्रश्नापाशी येऊन मिळत होत्या: एकविसावी जागा खरंच आहे का, हे कुणी कधी हात लावून बघितलं होतं का?

खोट्या वाटा

बिघाडाचा शोध घेणाऱ्यांची पहिली परीक्षा त्या सकाळी वेगळ्याच ठिकाणी झाली. त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा अमेरिकेच्या मध्यभागातला विभागही बंद पडला होता. तो बिघाड निराळा, त्याचं कारण निराळं. पण दोन्ही बातम्या एकाच सकाळी येऊन आदळल्या आणि ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ या एका वाक्यात मिसळून गेल्या. कुठला संगणक कशाने अडलाय हे ओळखायला पडद्यावरचं नाव वाचावं लागत होतं. सीएसएजंट दिसलं तर दुरुस्ती संगणकावर. निळा पडदा नसून नुसती सेवा मिळत नसेल तर दोष दूरच्या सर्व्हरवर.

दुसरी खोटी वाट फाइलच्या आत होती. काहींनी फाइल उघडली तर त्यांना नुसती शून्यंच शून्यं दिसली आणि कोरी फाइल गेली असा निष्कर्ष जगभर पसरला. तर्क आकर्षक होता, पण चुकीचा. त्या शून्यांचा या कोसळण्याशी संबंध नाही असं कंपनीने स्पष्ट केलं. खरं उत्तर क्रॅश डम्पमधून निघालं. निळा पडदा येतो तेव्हा विंडोज त्या क्षणीच्या स्मृतीची छाप डिस्कवर ठेवतं. तीत बघता येतं की कोणता घटक कोणती सूचना अमलात आणत होता आणि कुठल्या पत्त्यावर हात घालत होता. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी या छापा तपासून २७ जुलैला स्वतंत्रपणे तेच सांगितलं: सीएसएजंटने हद्दीबाहेरची स्मृती वाचली. एकवीस आणि विसाचा सगळा हिशेब क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्टला आपल्या मूळ कारणांच्या अहवालात मांडला.

हात लावल्याशिवाय सुटका नाही

सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण कोसळलेल्या संगणकाला ते कळणार कसं? नवी फाइल घ्यायला नेटवर्क हवं, नेटवर्क मिळायला विंडोज सुरू व्हायला हवं आणि विंडोज सुरू होताच कोसळत होतं. म्हणून जगातल्या या सगळ्यात आधुनिक यंत्रणेची दुरुस्ती सगळ्यात जुन्या रीतीने झाली. माणूस संगणकापाशी गेला आणि त्याने हाताने फाइल पुसली.

ती कृती जवळून बघण्याजोगी आहे. संगणक दोन-तीनदा कोसळला की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळ्या चौकटीत कर्सर लुकलुकतो आणि त्याच्या आधी अक्षर असतं एक्स. नेहमीचं सी नाही, कारण हे विंडोज डिस्कवरून नाही, स्मृतीत तात्पुरतं उभं राहिलेलं आहे. मग सी ड्राइव्हवर जायचं. विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक नावाचं फोल्डर. तिथे पुसण्याचा हुकूम द्यायचा: नावाची सुरुवात सी, आडवी रेघ, पाच शून्यं आणि २९१, पुढे एक तारा, शेवटी डॉट सिस. एंटर मारायचं, संगणक पुन्हा सुरू करायचा. झालं. कसलेल्या हाताला पाच-दहा मिनिटांचं काम.

त्या ताऱ्याशी थोडं थांबू. त्याचा अर्थ ‘इथे काहीही असलं तरी चालेल’. म्हणजे पुन्हा वाइल्डकार्डच. प्रत्येक संगणकावर फाइलच्या नावाचा उरलेला भाग वेगळा असू शकतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी तो तारा वापरला. एकविसाव्या जागेतला दोष ज्या युक्तीने चार महिने झाकला, त्याच युक्तीने लाखो संगणक मोकळे झाले.

पण हुकूम देण्याआधी एक कुलूप होतं. कंपन्यांच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने सांकेतिक केलेली असते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती हाती लागू नये. दुरुस्तीच्या पडद्यावरून डिस्क उघडायची तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. प्रत्येक लॅपटॉपची की वेगळी. काही कंपन्यांत या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हर स्वतःच निळ्या पडद्यावर अडकला होता. मग आधी तो उठवायचा आणि मागून बाकीचे.

समजा लॅपटॉप घाटकोपरला घरी आहे आणि सपोर्टचा मुलगा अंधेरीला ऑफिसात.

“मॅडम, निळ्या पडद्यावर की आयडी दिसतोय ना, त्याची पहिली आठ अक्षरं वाचा.”

“वाचते. पुढे काय करू?”

“मी आता सहा-सहाचे आठ गट सांगतो. घाई नको. एक गट टाकला की मला परत वाचून दाखवा.”

एक आकडा चुकला की पुन्हा त्या गटापासून. अशी संभाषणं त्या आठवड्यात जगभरच्या फोनवर झाली. डेस्कटॉप सपोर्टचं काम एरवी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तिकीट येतं, तिकीट बंद होतं. त्या शनिवार-रविवारी जी माणसं टेबलाटेबलाशी वाकून एकेक यंत्र उठवत होती, त्यांच्या हातांवर विमानतळ आणि रुग्णालयं उभी राहिली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

आणि त्यांची कल्पकता! ग्रँट थॉर्नटन या लेखापरीक्षण कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की दुकानात वापरतात तो बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. त्यांनी ४८ आकडी किल्ल्यांचे बारकोड केले, स्कॅनर लॅपटॉपला जोडला आणि टिक आवाजासरशी आख्खी की भरली जाऊ लागली.

क्लाउडमधल्या संगणकांसाठीचा सल्ला तर जादूटोण्यासारखा वाटतो. मायक्रोसॉफ्टने सांगितलं, पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करा. काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलंय. यामागे शर्यत आहे. संगणक सुरू होताना एकीकडे नेटवर्क जागं होत असतं आणि दुसरीकडे ड्रायव्हर सदोष फाइलकडे सरकत असतो. बहुतेक वेळा ड्रायव्हर आधी पोचतो. पण कधीतरी नेटवर्क सेकंदाच्या काही अंशाने पुढे निघतं, दुरुस्त फाइल उतरते आणि यंत्र वाचतं. म्हणूनच वायफायऐवजी केबल लावा असंही सांगितलं गेलं, कारण केबलवर नेटवर्क लवकर जागं होतं. ‘बंद करून चालू कर’ हा आपला घरगुती उपाय इथे अक्षरशः शास्त्रशुद्ध होता.

एवढं करूनही सावरायला वेळ लागला. पाच दिवसांत अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सची सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली. २९ जुलैपर्यंत विंडोजवरचे जवळपास ९९ टक्के फाल्कन पुन्हा कामाला लागले होते.

चौदा वर्षांपूर्वीची तालीम

असं आधीही घडलं होतं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवून बाजूला काढली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिले. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, क्राउडस्ट्राइक स्थापन झाली. तिचे एक संस्थापक आणि २०२४ मधले प्रमुखही कर्ट्झच. यात नियतीचा खेळ बघण्याचा मोह होतो, पण मला त्यात दुसरंच दिसतं. दोन्ही वेळा कोड निराळा, चूक निराळी. सारखं होतं ते एवढंच, की सर्वोच्च अधिकाराच्या सॉफ्टवेअरला तातडीची माहिती सगळीकडे एकाच वेळी पोचली. जिथे अधिकार, तातडी आणि सार्वत्रिकता एकत्र येतात, तिथे छोटी चूक छोटी राहत नाही.

१९ जुलैनंतर क्राउडस्ट्राइकने नेमक्या याच जागा बुजवल्या. आठवड्याभरात ड्रायव्हरमध्ये किमती मोजून बघणारी तपासणी आली. फाइल तयार होतानाच रकाने आणि किमती जुळतात का ते बघितलं जाऊ लागलं. जलद वाटेवरची माहितीसुद्धा आता टप्प्याटप्प्याने जाते आणि ती कधी घ्यायची यात ग्राहकाला मत आहे. मायक्रोसॉफ्टने क्विक मशीन रिकव्हरी ही सोय आणली. सुरूच न होणारा संगणक दुरुस्तीच्या पडद्यावरूनच इंटरनेट गाठून उतारा उतरवू शकतो. सुरक्षा सॉफ्टवेअरला गाभ्याच्या बाहेर राहूनही काम करता यावं यासाठीची रचना २०२५ मध्ये निवडक कंपन्यांच्या हाती दिली गेली. त्याच वर्षी निळा पडदा काळाही झाला. रंग बदलला; थांबण्यामागचा प्रामाणिकपणा तोच आहे.

या सगळ्यातून काहींनी काढलेला धडा म्हणजे अपडेट बंद ठेवावीत. मला हा धडा धोक्याचा वाटतो. जलद अपडेट न आल्याने लुटल्या गेलेल्या संगणकांची रांग विमानतळावर दिसत नाही, एवढाच फरक. अपडेट घ्यायलाच हवीत. बदलायला हवी ती आपली विश्वास ठेवण्याची रीत. चार महिने न चुकलेली व्यवस्था बरोबर होती असं नाही. तिला चार महिने एकविसावा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आपल्या ऑफिसांत आणि घरांतही अशा न विचारलेल्या जागा असतात. दर रात्री होणारा बॅकअप असतो, पण तो परत लावून कुणी बघितलेला नसतो. आणीबाणीच्या नंबरांची यादी त्याच संगणकात असते जो बंद पडणार आहे. नव्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप सांकेतिक होते आणि तिची ४८ आकडी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते, हे मालकाला ठाऊकच नसतं.

तेव्हा आजच ती की शोधून कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. ऑफिसात असाल तर ‘बॅकअप घेता ना?’ असं विचारू नका. ‘शेवटचा परत लावून कधी बघितला?’ असं विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर तुमची एकविसावी जागा तुम्हाला वेळेत सापडली आहे.